हा डोंगर कुणाचा?

शिरगावात आमच्या गच्चीवर उभे राहिले की चंदेरीचा सुळका दिसतो. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना फराळाच्या ताटाआधी आम्ही तोच दाखवतो. यंदा मात्र फराळच डब्यांत भरून सारी मंडळी डोंगराच्या पायथ्याशी, कोंडेश्वराकडे निघालो.

पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी आता खडकांतून झुळझुळत होते. काठावर कुणी टाकलेल्या पत्रावळी आणि बाटल्या पाहून धाकट्या भाचीने विचारले, "मामा, हा डोंगर कुणाचा?"

"सरकारचा."

"म्हणजे कुणाचाच नाही ना?"

एरवी वर्गात तास तास बोलणारा मी. पण मला उत्तर सुचेना. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन उतरणारी एक ठाकर म्हातारी थांबली. म्हणाली, "आमचा हाय, आन् तुमचाबी. घान करू नका म्हंजी झालं."

गंमत अशी, की कायदाही थोडेफार हेच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन 'संवर्धन राखीव क्षेत्र' ही तरतूद आली. सरकारी मालकीची जमीन, विशेषतः अभयारण्याला लागून असलेली किंवा दोन जंगलांना जोडणारी, राज्य सरकारला असे क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. मात्र त्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो आणि पुढे सल्लागार समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यावा लागतो. म्हणजे म्हातारीला विचारल्यावाचून डोंगर राखायचा नाही!

नाशिकजवळच्या बोरगडाला हे संरक्षण २००८ साली लाभले. सिंधुदुर्गात गोवा-कर्नाटकातल्या रानांना जोडणाऱ्या तिलारीच्या २९.५३ चौरस किलोमीटर जंगलाला ते २०२० साली मिळाले. आमच्या चंदेरीच्याच रांगेतले माथेरान आणि त्याचा परिसर केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवला.

परंतु राजपत्रातली अधिसूचना काही पाण्यातली बाटली उचलायला येत नाही. 'सरकारी' या शब्दाचा अर्थ आपण 'बेवारशी' असा करतो, तोवर कोणतेही रान सुरक्षित नाही. शहर डोंगराच्या दिशेने रोज सरकते आहे. त्याला 'इथवरच' म्हणायला कायदा हवा आणि कायद्यामागे माणसेही हवीत.

संध्याकाळी गच्चीवर आकाशकंदील लावताना भाची शेजारच्या मुलीला सुळका दाखवत होती. "तो बघ, आपला डोंगर!"

सकाळी न सुचलेले उत्तर मला तेव्हा मिळाले.