स्पीकर घेताना वॅटवर जाऊ नका

भात विकून चार पैसे आले की पोरं मोठ्या बॉक्सचा हट्ट धरतात. दुकानात पहिला प्रश्न, "किती वॅटचा?" पण वॅट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो. सेन्सिटिव्हिटी 86 ऐवजी 89 बघून घ्या, त्याच अ‍ॅम्पवर तेवढाच फायदा. 8 ओहमच्या अ‍ॅम्पला 4 ओहमचा स्पीकर जोडू नका, अ‍ॅम्प जळायची भीती.

पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. आधी भिंतीला गोधडी टांगा, बॉक्स कोपऱ्यातून हातभर पुढं ओढा. फुकटात फरक पडतो.

पारख तारप्यावर करा. जव्हार-मोखाड्यात तो सूर सगळ्यांच्या कानात बसलेला. भोपळ्याचा तो खरा घुमारा स्पीकरमधून आला नाही, तर महागाचा बॉक्सही परत ठेवा. पैसा राहू द्या, जूनमध्ये बियाणं घ्यायचंय.