मिठाच्या रस्त्यावरची फियाट

मीठ म्हटले की आपल्याला ताटाची डावी बाजू आठवते. फार तर उरणकडची मिठागरे आठवतात. इंग्लंडात हिवाळ्यात मीठ रस्त्यावर सांडलेले असते, आणि ते शुभ्र नसून विटकरी असते. चेशायर परगण्यात विन्सफर्ड नावाचे गाव आहे. तिथे १८४४ साली सुरू झालेली मिठाची खाण आजही चालू आहे. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे हे मीठ, मातीने रंगलेले. पारा शून्याकडे झुकू लागला की नगरपालिकांच्या लॉऱ्या रात्री बाहेर पडतात आणि मुख्य रस्त्यांवर ते पसरीत जातात. आडवाटांच्या तोंडाशी मिठाने भरलेल्या पिवळ्या पेट्या ठेवलेल्या असतात. तिथल्या रहिवाशांनी फावडे घेऊन आपापली वाट मोकळी करावी. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याहून खाली गोठते. एवढ्या साध्या गोष्टीवर त्या देशाचे हिवाळ्यातले दळणवळण चालते.

पण जे मीठ माणसाला तारते तेच मोटारीला खाते. चाकांनी उडविलेला खारट चिखल गाडीच्या पोटाला बसतो, सांध्यांत साचतो आणि लोखंडाला गंज चढवितो. मालवणाकडे खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या गजांची जी गत होते, तीच तिकडे मोटारीच्या पोटाची होते. यावर तिथल्या शहाण्या माणसांनी एक तोड काढली आहे. चांगली मोटार हिवाळ्यात शक्य तेवढी जपायची, आणि हा चिखल तुडवायला एखादी जुनी, स्वस्त, दुसऱ्याने वापरलेली मोटार घ्यायची. आपण पावसाळ्यात कातडी वहाणा माळ्यावर टाकून रबरी चपला घालतो, त्यातलाच हा प्रकार.

२०२४ च्या डिसेंबरात मी यॉर्कशायरमध्ये माझ्या पुतणीकडे राहिलो होतो, तेव्हा अशा एका खरेदीत मला भाग घेता आला. पुतणी हॅलिफॅक्सला रुग्णालयात परिचारिका आहे आणि राहते हेब्डन ब्रिज या गावी. कॅल्डर नदीचे अरुंद खोरे, दोन्ही अंगांना पेनाइनचे डोंगर, उतारावर एकावर एक रचल्यासारखी काळवंडलेल्या दगडांची घरे, अधूनमधून जुन्या कापडगिरण्यांची धुराडी. खोऱ्यात झाडी आहे. माथ्यावर मात्र नुसता पाणथळ माळ आणि चुन्यावाचून रचलेले दगडी गडगे. आपल्या कोकणातल्या माणसाला ते गडगे पाहून एकदम घरी आल्यासारखे वाटते! डिसेंबरात तिथे पावणेचारला दिवेलागण होते, आणि सकाळी आठ वाजून गेले तरी सूर्याचा पत्ता नसतो.

तिची पाळी साडेसातला सुरू होते. घरची नवी मोटार जावई मँचेस्टरला घेऊन जातात. आदल्या हिवाळ्यात एका सकाळी बर्फामुळे बस आलीच नाही. पुतणी पोहोचेपर्यंत रात्रपाळी करून थकलेल्या तिच्या सोबतिणीला दोन तास जास्त थांबावे लागले. रुग्णालयात आपल्या जागी येणारी आली नाही, तर आधीची घरी जाऊ शकत नाही. ती गोष्ट पुतणीच्या मनाला फार लागून राहिली होती.

"काका, एक फियाट पांडा आहे विकायला. तुम्ही येता का बघायला?" तिने विचारले.

मोटारीतले मला फारसे कळते अशातला भाग नाही. पण मुंबई पाहिलेल्या माणसाला फियाट परकी कशी वाटावी? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली. तिचेच पुढे १९७४ साली 'पद्मिनी' असे बारसे झाले, आणि काळा-पिवळा वेष घालून तिने या शहराची कितीतरी वर्षे ने-आण केली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा अनेकांना घरचेच कोणी निवृत्त झाल्यासारखे वाटले. 

इंग्रजांचे मत मात्र निराळे. इटालियन मोटार म्हणजे दिसायला देखणी, चालायला चपळ आणि गंजायला तत्पर, अशी तिची तिकडे ख्याती आहे. फियाट ही अक्षरे १८९९ साली तुरीन शहरात निघालेल्या कारखान्याच्या इटालियन नावाची आद्याक्षरे आहेत. पण 'टोनी, पुन्हा एकदा दुरुस्त कर' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य त्यांत बसवून लोक हसत आले आहेत. ही बदनामी अगदीच निराधार नाही. १९८० साली लॅन्शिया बीटा या इटालियन मोटारी इतक्या गंजलेल्या निघाल्या की कंपनीला इंग्लंडातल्या कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. त्यानंतर पत्रा सुधारला, रंगकाम सुधारले, पण नाव एकदा गेले ते गेलेच. मध्यमवर्गीय माणसाने यातून एवढाच अर्थ घ्यावा, की नावाला बट्टा लागलेली वस्तू स्वस्त मिळते. मात्र ती स्वतः नीट पाहून घेतली पाहिजे.

आणि पाहण्याची सोय त्या देशात उत्तम आहे. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीची तिथे वर्षातून एकदा सक्तीची तपासणी होते. १९६० साली हा नियम झाला, तेव्हा तो दहा वर्षांवरच्या गाड्यांपुरता होता. तपासणीत काय मोडलेले सापडले, काय मोडण्याच्या वाटेवर आहे, गाडी किती मैल चालली, हे सारे सरकारी दप्तरात नोंदले जाते. आणि गाडीचा नंबर माहीत असेल त्या कोणालाही ते फुकट वाचता येते. आपल्याकडे लग्नाआधी कुंडल्या पाहतात, पण त्यांत मागची दुखणी लिहिलेली नसतात. इथे दुखण्यांचीच कुंडली! आम्ही आदल्या रात्री ती वाचून काढली. गाडी २०११ ची. पोलंडमधल्या तिही शहरी बांधलेली. एकूण ६१,००० मैल. एका वर्षी पुढची स्प्रिंग तुटल्याने नापास, मग दुरुस्त होऊन पास. गेल्या दोन वर्षांत एकच शेरा पुन्हा पुन्हा आलेला: मागच्या आसाला वरवरचा गंज.

गाडी होती हेप्टनस्टॉलला. हेब्डन ब्रिजच्या डोक्यावरच हे जुने विणकरांचे गाव आहे. खालून तिथे जाणारी दगडी फरसबंदीची एक वाट इतकी खडी आहे की आपल्या गडांच्या पायऱ्या बऱ्या म्हणाव्यात. दार उघडले ते ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी. यॉर्कशायरात अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणण्याची रीत आहे. पंचेचाळिशीच्या मराठी प्राध्यापकाला दारातच असे संबोधन मिळाल्यावर तो जरा गोंधळला, हे सांगायलाच हवे!

बाईंनी गाडीची स्तुती केली नाही. उलट आधी दोष सांगितले. मागच्या दाराचे कुलूप थंडीत अडते, डाव्या बाजूला खरचटले आहे, आसाला गंज आहे, "पण तो तुम्ही वाचलाच असेल." मग त्यांनी एक बटण दाखविले. ते दाबले की सुकाणूचे चाक अगदी हलके होते. संधिवाताने बोटे वाकडी झाल्यापासून त्या बटणाने आपल्याला चार-पाच वर्षे जास्त दिली, असे त्या म्हणाल्या.

"मग विकता कशाला?" पुतणीने विचारले.

त्या देशात सत्तरीनंतर दर ३ वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, आणि वीस मीटरवरच्या गाडीची नंबरपाटी वाचता यावी लागते. बाईंनी खिडकीतून समोरच्या घरापुढची मोटार दाखविली. "तिचा नंबर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या, "पण उन्हाळ्यापासून तो दिसत नाही. मला कोणी थांबवले नाही, लव्ह. मीच थांबले."

मी जुने जाजम अंथरून ओल्या जमिनीवर आडवा झालो. पुतणी बॅटरी धरून होती. नवी मोटार आपण रंग पाहून घेतो, आसने दाबून पाहतो, दारांचा आवाज ऐकतो. हिवाळ्याची मोटार जमिनीवर निजून पोटाकडून पाहावी लागते. आस तांबूस झाला होता, पण पेचकसाच्या टोकाने टोचून पाहिले तर खपली निघाली आणि आत लोखंड टणक लागले. तेलाच्या टाकीला गळती नव्हती. दाराखालच्या पट्ट्या धड होत्या. मला त्या क्षणी वाटले, सुखाच्या दिवसांची वस्तू डोळ्यांनी निवडली तरी चालते. वाईट दिवसांची मात्र हात मळवूनच निवडली पाहिजे.

सौदा १,३५० पौंडांना ठरला, म्हणजे सुमारे दीड लाख रुपये. घासाघीस झाली ती उलटीच: बाईंनी हिवाळी टायरांचे चार नग कोठडीतून काढून फुकट दिले. साधे रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागते, हे मऊ राहते. पांडाची चाके अरुंद, वजन जेमतेम ९०० किलोच्या आसपास आणि ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळे बर्फात ती भारी गाड्यांपेक्षा बरी चढते, असे त्यांनी अनुभवावरून सांगितले. तिकडे जुन्या मालकाचा रस्ताकर नव्या मालकाला चालत नाही. पुतणीने तिथेच उभ्याने विमा उतरविला, कर भरला, आणि मग किल्ली हातात घेतली. निघताना बाईंनी एकच सूचना दिली: मिठावरून आलीस की त्याच आठवड्यात नळी लावून गाडी खालून धू, वरून नाही धुतलीस तरी चालेल.

मी परत आलो, आणि २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्याच शनिवार-रविवारी उत्तर इंग्लंडात मोठा बर्फ पडला. सोमवारी पुतणीचा फोन आला. रविवारी पहाटे सहाला निघून ती सव्वासातला पाळीवर हजर झाली होती. रात्रपाळीची सोबतीण वेळेवर घरी गेली. वाटेत दोन भपकेबाज मोटारी चढावर आडव्या होऊन पडल्या होत्या. त्यांच्या कडेने ही वर गेली.

"त्या बाईंना कळवलेस का?" मी विचारले.

"आधी त्यांनाच फोन केला, काका. मला वाटले, ऐकून खूश होतील."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ती चढणारच होती. खालून धुतलीस ना?"