समुद्र नसलेलं बेट

आप्पांना मी खोटं बोलून कच्छला नेलं. मैत्रिणीसोबत बुकिंग केलंय, ती ऐनवेळी येत नाहीये, पैसे बुडतील, असं सांगितलं. पैसे बुडतील म्हटलं की आप्पा कुठंही यायला तयार होतात.

खरं कारण वेगळं होतं. दिवाळीत त्यांनी माझ्याकडे दीड लाख रुपये मागितले होते. आठव्या बोअरसाठी. आधीच्या सातांपैकी पाच कोरड्या गेल्या, दोन आटल्या. दर वेळी तेच. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो, नारळ उभा राहतो तिथं चुन्याची फुली मारतो. मग रात्रभर मशीनचा आवाज, आणि सकाळी अंगणापर्यंत पसरलेला पांढरा फुफाटा. मला नाही म्हणायचं होतं, पण फोनवर ते जमत नव्हतं. चार दिवस सोबत असलो की कुठंतरी बोलता येईल, असा माझा हिशेब होता.

भुजहून खावड्याच्या पुढे गेलं की रस्ता सरळ रणात शिरतो. रील्समध्ये ‘रोड टू हेवन’ म्हणून जो दिसतो, तोच. सुमारे तीस किलोमीटर एक सरळ काळी रेघ आणि दोन्ही बाजूंना पांढरं. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा एका बाजूला अजून पावसाळ्याचं पाणी साचलेलं होतं, दुसऱ्या बाजूला मीठ धरलं होतं. जो तो गाडी थांबवून फोटो काढत होता. आप्पा उतरले, वाकले, बोटानं मीठ उचलून जिभेवर ठेवलं. “एवढी जमीन, आन् एक काडी न्हाई,” म्हणाले आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले.

रस्ता संपतो तिथं खडीर बेट लागतं. हे खरोखरचं बेट आहे, फक्त त्याच्याभोवती समुद्र नाही, कच्छचं मोठं रण आहे. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, ते आटलं की मीठ उरतं. या बेटाच्या एका कडेला धोळावीरा. हे नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या नंतर, परीक्षेपुरतं. १९९० ते २००५ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आर. एस. बिश्त यांनी इथं उत्खनन केलं, आणि २०२१मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. गावातले लोक टेकाडाला अजूनही कोटडा म्हणतात.

आमचे गाइड गावातलेच, साठीचे. तरुणपणी याच उत्खननात मजुरीला होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात ‘हे सापडलं’ असं कमी आणि ‘हे आम्ही काढलं’ असं जास्त यायचं. त्यांनी बालेकिल्ला दाखवला, मधलं नगर, खालचं नगर, मोठं मैदान. इथं भाजलेल्या विटांपेक्षा दगडाचं काम जास्त आहे. घासून आरशासारखे गुळगुळीत केलेले खांबांचे तुकडे आहेत. उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांचा एक फलक सापडला होता, सगळ्या गावाला दिसेल असा दारावर लावलेला असावा. त्यावर काय लिहिलंय, ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही.

“पाणी जपून वापरा, असं आसंल,” आप्पा म्हणाले. गाइड काका एवढे हसले, की पुढच्या ग्रुपला त्यांनी तोच विनोद स्वतःचा म्हणून सांगितला.

मी फोटो काढत पुढे गेले आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की आप्पा सोबत नाहीत. ते पूर्वेकडच्या तलावाच्या काठावर उकिडवे बसले होते. तलाव म्हणजे सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल हौद, आत उतरायला दगडी पायऱ्या. असे लहानमोठे सोळाच्या आसपास हौद या नगराच्या तटाला लागून खोदलेले, काही तर थेट खडकात कोरलेले.

“पाऊस किती हितं?” आप्पांनी विचारलं.

“ढाई सौ मिलीमीटर. कभी तीन सौ. कभी कुछ नहीं.”

आमच्या लातूरकडे सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. आप्पा गप्प झाले. मग त्यांनी बोटानं हवेत रेघ ओढली. “तिकडनं ओढा येत आसंल. जमीन हिकडं उतरती हाय.” गाइड काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरंच, नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत. फक्त पावसाळ्यात वाहणारे. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्यांच्यावर दगडी बांध घालून पाणी वळवलं होतं आणि एका हौदातून दुसऱ्यात सोडलं होतं. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीसुद्धा दगडी गटारांतून खाली आणलेलं. त्यातलं एक इतकं मोठं आहे की माणूस त्यातून चालत जाईल. त्यानंतर त्या दोघांचं जे सुरू झालं, त्यात मला कुणी विचारेना. एक मोडकं हिंदी बोलत होता, दुसरा त्याहून मोडकं.

मी फोनवर गुणाकार केला. तो हौद काठोकाठ भरला, तर दोन कोटी लिटरहून जास्त पाणी. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा मी नववीत होते, शहरात आत्याकडे शिकायला. त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि आम्ही पोरी घागरींच्या रांगेत बसून अभ्यास करायचो. अशा चाळीसहून जास्त गाड्या या एका खड्ड्यात मावल्या असत्या. मी हे आप्पांना सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

बालेकिल्ल्यात एक विहीर आहे. काठाच्या दगडावर दोर घासून घासून पडलेल्या खाचा. आप्पांनी एका खाचेत बोट घातलं. आमच्या वाड्यातल्या आडाच्या काठावर अशाच खाचा होत्या, लहानपणी मी त्यात चिंचोके लपवायचे. पहिल्या बोअरला पाणी लागलं त्या वर्षी आप्पांनी तो आड मुरूम टाकून बुजवला. पोरं पडतील म्हणून. आज त्यावर मोटरसायकल उभी असते.

“मंग गेले कामून हे लोक?” त्यांनी गाइडना विचारलं. उत्तर सरळ नव्हतं. हवामान कोरडं होत गेलं, व्यापार आटला, नगर आकसलं. शेवटी जे राहायला आले त्यांनी दगडी घरं सोडून गोल झोपड्या बांधल्या, आजच्या कच्छी भुंग्यांसारख्या. आप्पांनी मान डोलावली, एखाद्या ओळखीच्या घराबद्दल ऐकावं तशी.

संध्याकाळी आम्ही फॉसिल पार्कला गेलो. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत, भोवती जाळी आहे. खरं सांगायचं तर झाडांपेक्षा खालचं रण जास्त बघण्यासारखं. आम्ही कड्यावरून उतरून मिठावर चालत गेलो. बुटाखाली पापडासारखा कुरकुर आवाज येतो, मध्येच पाय चिखलात जातो. सूर्य बुडाल्यावर सगळं निळं झालं, आणि इतकं शांत की मला माझ्या कानातला आवाज ऐकू यायला लागला.

तिथं मी म्हणाले, “आप्पा, बोअरचे पैसे मी देणार नाही.”

ते चालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “त्याच्यासाठी एवढ्या लांब आणलंस व्हय बाई?”

“तुम्ही आज बघितलंत ना, पावसाचं पाणी कसं...”

“बघितलं. त्यांचं आख्खं गाव एक होऊन खांदत होतं. आपल्या गावात दोन भाऊ एका बांधावर उभे ऱ्हात न्हाईत. मी एकट्यानं काय खांदू?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री रिसॉर्टच्या भुंग्याबाहेर बाजरीचा रोटला खाऊन आम्ही खाटा टाकल्या. आकाशात इतके तारे होते, की ते खोटे वाटत होते. आप्पा झोपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

एप्रिलमध्ये त्यांनी काकाकडून पैसे उसने घेऊन आठवी बोअर मारलीच. सातशे फुटांच्या खाली दोन इंच पाणी लागलं. आईनं व्हिडिओ पाठवला, पाइपातून गढूळ पाणी उसळतंय, मागे कुणीतरी शिट्टी मारतंय. मी हार्ट टाकला. दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. जेवलीस का, भाडं वाढलं का, असं सगळं झाल्यावर म्हणाले, “त्या विहिरीचा फोटू हाय का तुझ्याकडं? दोराच्या खाचा दिसतात तसला. पारावर कुणाला पटंना.”

मी सापडतील तेवढे सगळे पाठवले.