चिखलांतील शिरगणती

ओहोटीनें उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ; त्यांत जीव किती, हें विचारणारे थोडे. गतवर्षीं आम्हां विज्ञानमंडळाच्या सभासदांवर तें विचारण्याची वेळ आली. खाडीवरील बंधाऱ्याच्या आंतला चिखल मेला, असें कोळी मंडळी म्हणत. बंधाऱ्याचे कैवारी तें मानीत नसत. तेव्हां दोन्ही बाजूंचे पांच पांच नमुने आणून मोजावयाचें ठरलें.

हे जीव जाड चाळणींतून निसटतात व ६३ मायक्रॉन छिद्रांच्या चाळणींत अडकतात. त्यांत बहुतेक सूत्रकृमि. इंग्लंडांत प्लिमथ येथें संशोधन करणाऱ्या मॉली मेअर या विदुषीनें १९४२ सालीं या मधल्या वर्गास निराळें नांव दिलें. चौरस मीटरभर चिखलांत ते सहज दहा लक्षांवर भरतात. रोझ बेंगालनें गुलाबी केले, तरी सूक्ष्मदर्शकाखालीं एकूणएक मोजणें म्हणजे महिन्यांचें काम. म्हणून चाळलेला गाळ पाण्यांत ढवळून आठ समान भाग पाडावयाचे व थोडेच मोजून गुणाकार करावयाचा.

आमच्या गणिताच्या मास्तरांनीं येथेंच हरकत घेतली : बाकीचे भाग न पाहतां बाजूस सारणें ही गणती कीं अदमास? हरकत वाजवी होती. ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेटनें १९०७ सालीं यीस्टच्या पेशींच्या गणतीवरून दाखविलें कीं, कण खरोखर विखुरलेले असतील तर चूक साधारणतः मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. चारशें मोजले तर वीस, म्हणजे शेंकडा पांच; चारच मोजले तर दोन, म्हणजे निम्मी! भाग केवढा घेतला यापेक्षां डोळ्यांखालून जीव किती गेले, यालाच महत्त्व.

पण ‘खरोखर विखुरलेले’ या शब्दांतच सारी मेख आहे. कृमि एकमेकांत व शेवाळाच्या तंतूंत गुरफटतात. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्याचे दोन भाग मोजून बेरजेस चारांनीं गुणीत असूं. एकदां २१२ व १९६ आले. फरक १६, बेरजेचें वर्गमूळ सुमारें २०. ठीक. दुसऱ्या भांड्यांतून मात्र ११८ व १९० निघाले. फरक ७२, मुभा सतरा-अठराची! शेवाळाचा गुंता एकाच भागांत जसाच्या तसा उतरला होता. तो सोडवून भाग नव्यानें पाडले. कोणते भाग मोजावयाचे हें आधीं चिठ्ठ्या टाकून ठरत असे. नाहीं तर डोळा भरल्या ताटाकडे वळतो, आणि बंधाऱ्याविषयीं प्रत्येकाचें मन आधींच बनलेलें होतें.

बंधाऱ्याच्या आंत जीव होते. पण पांचही जोड्यांत बाहेरच्याहून कमी, आणि फरक वर्गमुळाच्या मुभेपलीकडचा. दोन्ही पक्षांस हें अर्धेंच रुचलें.

‘अमुक जात नाहींशी झाली का?’ असें एका वृद्ध कोळीबाबांनीं विचारलें. तेथें गुणाकार लंगडा पडतो. साऱ्या गाळांत काइनोरिंक हा काटेरी जीव एकच असेल, तर आठांपैकीं सहा वेळां तो न पाहिलेल्या भागांतच राहणार. ते भाग आम्हीं टाकले नव्हते; चिठ्ठ्या लावून स्पिरिटांत ठेविले होते. आतां दर शनिवारीं एकेक बाटली उघडतों.