कादरीचा उन्हाळा

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. मिसिसागाला राहणारा माझा भाचा जून-जुलैत फोन करतो तेव्हा खेळाबद्दल कमी आणि हिशोबाबद्दल जास्त बोलतो. "मामू, अमक्याला ठेवला तर तमक्याला सोडावं लागेल." हंगाम संपलेला असतो, पण त्याच्या मते खरा खेळ आता सुरू होतो.

एनएचएल या तिथल्या मोठ्या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२२-२३ साठी ती ८ कोटी २५ लाख डॉलर होती. आयपीएलची 'पर्स' ठाऊक असलेल्यांना हे लगेच कळेल, फक्त इथे लिलाव नसतो. करार असतात, आणि करारासकट खेळाडूंची अदलाबदल.

हे सगळं मला समजलं ते नाझेम कादरीमुळे. लेबनॉनहून कॅनडात आलेल्या कुटुंबातला हा मुलगा, ओंटारिओतल्या लंडन शहरात वाढला. २०१६ मध्ये टोरंटोने त्याच्याशी सहा वर्षांचा, २ कोटी ७० लाखांचा करार केला. त्या करारात एक कलम होतं: ठरावीक संघांकडे पाठवायचं झालं तर तो नाही म्हणू शकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात टोरंटोने त्याला कॅल्गरीला द्यायचं ठरवलं. त्याने नकार दिला, त्याला टोरंटोतच राहायचं होतं. पण ते कलम सगळ्या संघांना लागू नव्हतं. १ जुलैला त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं.

'देऊन टाकलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कोट्यवधी मिळवणाऱ्याची कणव कशाला, असं भाचा म्हणतो. मला ते पटत नाही. आपण कुठे राहायचं हे दुसऱ्याने ठरवावं, यात पगाराने फार फरक पडत नाही.

कोलोरॅडोत तो बहरला. २०२१-२२ मध्ये ७१ सामन्यांत ८७ गुण. सेंट लुईसविरुद्धच्या मालिकेत त्याला वंशद्वेषी धमक्या आल्या, पोलीस बंदोबस्त लागला, आणि पुढच्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. अंगठा मोडलेला असताना अंतिम फेरीत परतून जादा वेळेत विजयी गोल केला. संघाने स्टॅनले कप जिंकला.

आणि कोलोरॅडोला तो परवडेना! त्याचा करार संपला होता. त्यांनी निचुश्किनला आठ वर्षांसाठी बांधून घेतलं होतं, वर्षाला ६१ लाखांहून जास्त देऊन. मॅकिननचा करार वर्षभरात संपणार होता, त्याच्यासाठी जागा राखायची होती. संघाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चषक जिंकल्याने पगाराची मर्यादा वाढत नाही.

१८ ऑगस्टला त्याने सही केली. सात वर्षं, ४ कोटी ९० लाख. कुणाशी? कॅल्गरीशीच. त्याला बसवायला कॅल्गरीने त्याच दिवशी शॉन मोनाहनला मॉन्ट्रियलला धाडलं, आणि त्याचा पगार कुणीतरी उचलावा म्हणून वर पहिल्या फेरीतली खेळाडू निवडायची संधीही देऊन टाकली.

चषक जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस आपल्या गावी नेता येतो. स्टॅनले कपवर नाव कोरलं गेलेला कादरी हा पहिला मुस्लिम. ऑगस्टच्या अखेरीस तो चषक घेऊन लंडनच्या मशिदीत गेला. मुलं चषकाला हात लावत होती. चषक कोलोरॅडोचा होता, कादरी तेव्हा कॅल्गरीचा झाला होता.