बुडाला लागंल

या शनिवारी हट्ट्याला घरी होतो. नेटवर रेसिपी पाहिलेली: मोठ्याचं मटण तीन तास मंद आचेवर शिजवायचं, वरून फळांचा आंबटगोड पाक. मार्च २०१५पासून राज्यात गोवंशहत्याबंदी, म्हणून म्हशीचं आणलं. फळ म्हणजे आपली चिंच, सोबत गूळ.

चुलीपाशी बसून मी आईला कोलॅजनचं जिलेटिन कसं होतं ते सांगत होतो. ती म्हणाली, "गूळ आत्ताच टाकू नको, बुडाला लागंल." ऐकलं. शेवटच्या दहा मिनिटांत पाक आटून तुकड्यांना चिकटला. भन्नाट!

पुण्यात हेच खिडक्या लावून, कुकरमध्ये करतो. घरमालकाला नुसतं 'मटण' एवढंच माहीत. असो. आईने डबा भरून दिला. बसमध्ये वरच्या फळीवर ठेवला नाही, मांडीवरच धरून बसलो.