भिंत आणि पाखें

घर बांधावयाचें म्हणजे आधीं भिंती उभ्या करावयाच्या आणि मग त्यांवर छप्पर चढवावयाचें, हा क्रम इतका उघड आहे कीं, त्याचा कोणी निराळा विचार करीत नाहीं. परंतु हल्लीं स्थापत्याचे विद्यार्थी संगणकावर घर रचतात, तेव्हां हाच साधा क्रम त्यांना कोड्यांत टाकतो. भिंतीनें छपरापर्यंत जावयाचें, कीं छपरानें भिंतीपर्यंत यावयाचें? आणि एकदां दोघांची गांठ पडल्यावर एकानें जागा बदलली तर दुसऱ्यानें काय करावयाचें? गेल्या उन्हाळ्यांत या प्रश्नांचा आमच्या घरीं बराच खल झाला. वादाचें मूळ मात्र आमच्या रत्नागिरीकडील घराची मागील पडवी आणि आमच्या मातोश्री यांच्यापाशीं होतें. संगणक मागाहून आला.

घर जांभ्या दगडाचें, दुपाखी आणि मंगळुरी कौलांचें आहे. (बासेल मिशननें मंगळूर येथील जेप्पू भागांत या कौलांचा कारखाना १८६५ सालीं काढला, आणि पुढें हीं कौलें साऱ्या किनाऱ्यावर पसरलीं.) पडवीचे वासे किडले होते व ती पुन्हां बांधणें प्राप्तच होतें. आईचें वय पंचाऐशीच्या पुढें. तिला आतां पायऱ्या उतरवत नाहींत. तेव्हां आठ फुटांची पडवी बारा फूट रुंद करावी, तिची जमीन माजघराशीं अगदीं सपाट ठेवावी, म्हणजे आईला आपल्या पायांनीं चालत येऊन चार माणसांत बसतां येईल, असें दादांच्या मनानें घेतलें. धाकट्या बंधूंचें म्हणणें कीं, कौलांचा नाद सोडावा आणि सरळ स्लॅब घालावा. दादांची मुलगी स्थापत्याच्या चौथ्या वर्षांत शिकते. ती म्हणाली, "बाबा, काका, भांडूं नका. मी घर मापून घेतें, मग पडद्यावर पाहूं." चार दिवस ती फीत घेऊन घरभर फिरत होती.

ती ज्या यंत्रणेवर काम करते तिचें नांव रेव्हिट. तिच्यांत भिंत म्हणजे कागदावरच्या दोन समांतर रेघा नव्हेत. भिंत ही तेथें स्वतंत्र वस्तु आहे. तिची लांबी, जाडी, उंची, आंतला गिलावा, मधला दगड, बाहेरचा गिलावा असें सर्व सांगावें लागतें. छपराचेंहि तसेंच. त्याची खालची आकृति कोणती, उतार कोणत्या कडेपासून, किती, आणि वळचण भिंतीच्या बाहेर किती यावयाची, हें सांगितलें कीं पाखीं आपोआप उभीं राहतात. परंतु भिंत आणि छप्पर यांची परस्परांशीं ओळख नसते. पुतणीनें पहिल्या दिवशीं घर दाखविलें तेव्हां भिंती बारा फुटांवर सपाट थांबल्या होत्या, आढें अठरा फुटांवर होतें, आणि घराच्या दोन्ही टोकांस मधली त्रिकोणी जागा मोकळी होती. आई चष्मा सांवरून म्हणाली, "अगं, वटवाघळें येतील कीं आंत!"

यावर उपाय असा कीं, भिंत निवडावयाची, 'अटॅच टॉप' अशी आज्ञा द्यावयाची आणि छप्पर दाखवावयाचें. त्याबरोबर टोकाची भिंत वर चढते, पाख्यांच्या उतारांनीं तिचा माथा त्रिकोणी होतो आणि ती त्यांच्या खालच्या अंगास जाऊन भिडते. भिंत छपराबाहेर आलेली असेल तर तीच आज्ञा तिला छाटते. खांबांनाहि ती लागू आहे. पुतणीनें मला बजावून सांगितलें कीं, ही काप नव्हे, हें बंधन आहे. उतार वाढविला कीं भिंत उंच होते, कमी केला कीं ठेंगणी होते, आणि बंधन सोडविलें कीं ती मुकाट्यानें आपल्या मूळच्या बारा फुटांवर येते. याच्या उलट, एखाद्या लहान छपराची कड मोठ्या छपरास किंवा भिंतीस नेऊन भिडवावयाची तर त्याची आज्ञा वेगळी. तिला 'जॉइन रूफ' म्हणतात.

या कल्पनेचें मूळ बरेंच मागें जातें. आयव्हन सदरलंड यानें १९६३ मध्यें अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली. तींत दोन रेघा समांतर राहाव्यात किंवा काटकोनांत राहाव्यात असें यंत्रास सांगून ठेवतां येत असे. पुढें १९८२ मध्यें निघालेल्या ऑटोकॅडचा प्रसार फार झाला, परंतु मुळांत तें कागद-पेन्सिलीचें काम जलद करणारें साधन होतें. तेथें रेघ ही रेघच असे. रेव्हिटची उभारणी १९९७ मध्यें चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या नांवाच्या मंडळीनें आरंभिली, २००० सालीं ती प्रथम बाजारांत आली आणि २००२ मध्यें ऑटोडेस्कनें ती विकत घेतली. वस्तूंचीं नातीं ध्यानांत ठेवणें, हेंच तिचें मुख्य बळ. ज्यानें कधीं हातानें नकाशे काढले आहेत आणि उतार बदलला म्हणून चार बाजूंचीं चार चित्रें पुन्हां खोडून काढलीं आहेत, त्यालाच हें बळ किती मोठें तें समजेल.

तथापि आमच्या घरानें या यंत्राला लौकरच अडचणींत आणलें. घराची लांबी चाळीस फूट. रुंदी पूर्वेच्या टोकास चोवीस फूट भरली, आणि पश्चिमेच्या टोकास तेवीस फूट चार इंच. म्हणजे समोरासमोरच्या भिंती आठ इंचांनीं एकमेकींकडे झुकल्या आहेत. शंभर वर्षें त्या घरांत राहून हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. आतां पाहा. आमच्या छपराचा उतार दोनास एक आहे. दोन फूट आडवें गेलें कीं पाखें एक फूट उतरतें. यंत्राच्या हिशेबानें पूर्वेच्या टोकास आढें भिंतीच्या माथ्यापासून सहा फूट वर हवें, आणि पश्चिमेस पांच फूट दहा इंच. वळचणी समपातळींत आणि उतार सर्वत्र सारखा, असें म्हटलें तर आढें दोन इंचांनीं कलणारच. भूमितीपुढें कोणाचा इलाज चालत नाहीं. पुतणीनें पाण्याची नळी लावून खरें आढें तपासलें. तें अगदीं समपातळींत निघालें!

जुन्या सुतारानें काय केलें होतें? त्यानें आढें सरळ ठेवलें आणि वासे एकामागून एक किंचित् अधिक उभे करीत नेले. त्यामुळें पाखें सपाट न राहतां एखाद्या ओल्या फळीसारखें सूक्ष्म पिळलें. रिपांनीं आणि कौलांनीं तो पीळ आपल्या सांध्यांत जिरवून टाकला. यंत्राचें पाखें मात्र सपाटच असतें. त्यास पिळावयाचें म्हणजे निराळ्या खटपटी कराव्या लागतात. पुतणीनें त्या केल्या नाहींत. तिनें पडद्यावर छप्पर सपाटच ठेवलें आणि नकाशाच्या कडेस लिहिलें: "आढें समपातळींत ठेवावें. वासे जागेवर मापून कापावेत." संगणकावर ऊन-सावलीसह रंगविलेलीं घराचीं चित्रें तिनें पुष्कळ दाखविलीं, मला तीं सारीं मिळून या दोन ओळींइतकीं आवडलीं नाहींत.

मग पडवीचा प्रश्न निघाला. पडवीचें एकपाखी छप्पर घराच्या मागच्या भिंतीस कोठें टेकावयाचें? भिंत बारा फूट. परंतु मोठ्या छपराची वळचण दोन फूट बाहेर येऊन अकरा फुटांवर उतरली आहे, आणि तिच्या खालीं माणसाचा हात काम करूं शकेल एवढी जागा राहिली पाहिजे. तेव्हां पडवीचें पाखें भिंतीला अकरा फुटांवर भिडवावें असें ठरलें. जुन्या पडवीचा हिशेब सोपा होता: आठ फूट रुंदी, दोन फूट वळचण, मिळून दहा फुटांस पांच फूट उतार, आणि कड जमिनीपासून सहा फुटांवर. दादा म्हणाले, "आतां बारा कर." तिनें आंकडा बदलला. पाखें भिंतीस बांधलेलें, खांब पाख्यास बांधलेले. त्यामुळें सगळें एकदमच हाललें. खांब आखूड झाले, कड खालीं आली आणि चार फुटांवर थांबली. पडवींत जातां येतांना दादांना कमरेंत वांकावें लागलें असतें.

"मग उतार कमी कर," असें दादा म्हणाले. कड सहा फुटांवर ठेवून तिनें तेंहि केलें. चौदा फुटांस पांच फूट, म्हणजे वीस अंशांच्याहि खालचा उतार झाला. ज्या जिल्ह्यांत वर्षांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो तेथें इतक्या निजलेल्या पाख्यावर कौलें घालणें म्हणजे वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर कौलांच्या सांध्यांतून पाणी उलटें चढूं देणें होय. येथें धाकट्या बंधूंना जोर आला. स्लॅब घातला असता तर उताराची ही ओढाताणच उरली नसती, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु त्या ओझ्यास नवे पाये आणि नवे खांब हवे होते, आणि वैशाखाच्या दुपारीं तापलेल्या स्लॅबखालीं आईला बसवावयाचें, ही गोष्ट त्यांनाहि बोलवेना.

दोन दिवस घरांत कोणी पडवीचें नांव काढलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुतणीनें भिंतीला आणि पाख्याला हात न लावतां जमीन खालीं नेली. कोंकणांतील कित्येक घरांत पडवी ही ओटीपेक्षां पायरी दोन पायऱ्या खालीं असतेच. तिनें रुंदी दहा फूट धरली. वळचण धरून बारा फुटांस सहा फूट उतार झाला, कड पांच फुटांवर आली. जमीन एक फूट खालीं घेतल्यावर ती पुन्हां सहा फूट भरली. पण एक फूट म्हणजे दोन पायऱ्या, आणि सगळा खटाटोप तर पायऱ्या चुकविण्यासाठीं! त्यावर तिनें माजघराच्या दारासमोर सपाट चौथरा दाखविला आणि तेथून भिंतीच्या कडेनें बारा फूट लांबीची, साडेतीन फूट रुंदीची उतरण काढली. बारा फुटांत एक फूट, एवढी ती सौम्य. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला कठडा. दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्यांची बारा फुटांची पडवी गेली होती, आणि उतरण वजा जातां बसावयास साडेसहा फूटच उरले होते. शेवटीं त्यांनीं आईला विचारलें. आई म्हणाली, "मला बसायला किती जागा लागते रे?"

सुतारास दाखविण्यासाठीं नकाशे कागदावर उतरविले. त्यानें ते नीट पाहिले आणि जेथें पाखें भिंतीला मिळतें त्या रेघेवर बोट ठेवून विचारलें कीं, भिंतीवरून ओघळणारें पाणी येथें कोठें जावयाचें? प्रश्न अगदीं वाजवी होता. यंत्रानें पाखें भिंतीस असें चपखल भिडविलें होतें कीं, मध्यें सुई शिरूं नये. प्रत्यक्षांत ती फट असतेच. लांकूड पावसाळ्यांत फुगतें आणि उन्हाळ्यांत आक्रसतें. भिंत जागची हालत नाहीं. म्हणून तेथें नुसता सिमेंटचा लेप दिला तर तो दोन वर्षांत तडकतो. आमच्या जुन्या पडवीचे वासे नेमके त्या तडीखालींच प्रथम किडले होते. कौलांच्या वर सुमारें सहा इंचांवर भिंतींत इंचभर खोल खांच घ्यावयाची, पत्र्याची वरची कड तींत दाबून बुजवावयाची आणि खालची कड कौलांवर मोकळी सोडावयाची. म्हणजे लांकूड हाललें तरी पत्रा त्यावर सरकतो आणि पाणी कौलांवरच पडतें. 'अटॅच' किंवा 'जॉइन' या आज्ञांनीं हा पत्रा उत्पन्न होत नाहीं. तो ज्याला ठाऊक असेल त्यानें निराळा काढावयाचा. पुतणीनें सुताराजवळ बसून तो मोठ्या मापांत काढला. जांभा खाणींतून निघतांना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो. तेव्हां इतक्या जुन्या चिऱ्यांत चाळीस फूट खांच घेण्यास किती दिवस लागतील, हें सुतारानें गवंड्यास विचारून सांगावयाचें कबूल केलें आहे.

काम दिवाळीनंतर लागेल. एक गोष्ट मात्र अजून लोंबकळत आहे. वाशांचीं वरचीं टोकें पेलण्यासाठीं भिंतीला जें आडवें लांकूड लावावयाचें, तें पडद्यावर पाहतां माजघराच्या दोन झरोक्यांवर येतें. झरोके बुजवावेत असें दादा म्हणतात. माजघरांत दुपारचा उजेड तेवढाच काय तो येतो, त्यामुळें वहिनी तयार नाहींत. लांकूड झरोक्यांपाशीं तोडून दगडी घोड्यांवर तोलतां येईल का, तें पुतणी परीक्षा आटोपल्यावर पाहणार आहे.